यशूची बेंबी सरकली नव्हती

ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे, आणि त्याच घरात माझ्यासारखा हेकट म्हातारा पण आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलो. वणीच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात जन्म गेला. डॉक्टरकीतलं मला कळत नाही, म्हणून ते मी सांगत नाही. आमच्या घरात काय झालं आणि त्यात माझं काय चुकलं, तेवढं सांगतो.

आधीची गोष्ट

आमचं गाव वणीपासून जवळच. तिथे मला बेंबी बसवणारा म्हणून ओळखतात. जड उचलल्याने, उडी मारल्याने बेंबी जागची सरकते, मग पोट दुखतं, ढाळ लागते, अन्न जात नाही, असं आमच्याकडे मानतात. माणसाला उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीजवळ अंगठा दाबून ठोका शोधायचा. ठोका मधोमध लागला तर ठीक. बाजूला लागला तर तेल लावून हळूहळू जागेवर आणायचा. कधी पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायचा, तो पोटाला गच्च धरून बसतो. शेवटी पायाच्या अंगठ्याला काळा दोरा. हे मी माझ्या मामाकडून शिकलो. चाळीस वर्षं केलं आणि कोणाची सुपारीसुद्धा घेतली नाही. लांबलांबून लोक मोटरसायकलवर यायचे. त्याचा मला गर्व होता. थोडाथोडका नव्हता.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ऐन उन्हाळ्यात, मला ताप भरला. खोकला आला, तोंडाची चव गेली. मागोमाग माझ्या मुलाला, प्रदीपला. तो कोळशाचा ट्रक चालवतो. यशू, म्हणजे त्याची मुलगी यशोधरा, आठ वर्षांची. तिचं अंग एक दिवस कोमट लागलं आणि दुसऱ्या दिवशी ती खेळायला पळाली.

सून ज्योती आमच्या गावची आशाताई. त्या दिवसांत ती रोज घरोघर फिरून कोणाला ताप, कोणाला खोकला, हे लिहून घ्यायची आणि वर कळवायची. माझा ताप तिला पहिल्याच दिवशी कळला.

"बाबा, उद्या वणीले जाऊन नाकातली तपासणी करून घ्या."

"कायले? ऊन लागलं मले."

"उन्हानं तोंडाची चव जाते का?"

"हे पाय ज्योती, माया घरात कोरोना नाई. तू लिहिशीन तं उद्या दारावर पट्टी लावतीन अन् परवा गावातलं कुत्रं फिरकणार नाई मायाजवळ. तुया सासरा म्हणून नाई, घरातला मोठा म्हणून सांगतो. लिहू नको."

तिने वही उघडली. मग तिने आमच्या घराच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं. म्हणजे काही नाही. मी पाहत होतो म्हणूनच लिहिलं.

त्याच आठवड्यात मी तोंडाला दुपट्टा बांधून तीन लेकरांच्या बेंब्या बसवल्या. कोणाला नाही म्हटलं असतं तर त्यांनी काहून म्हणून विचारलं असतं.

चार दिवस

पाचेक दिवसांत आम्ही सगळे बरे झालो. मी चौकात जाऊन बसायला लागलो. महिना होत आला आणि एका सकाळी यशू पोट धरून बसली. अंगात ताप होता. आदल्या दिवशी ती शाळेच्या ओट्यावरून उड्या मारत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला दुसरं काय सुचणार?

निजवली. अंगठा ठेवला. ठोका बाजूला तर होताच, पण असा उसळत होता की माझा अंगठा वर ढकलत होता. चाळीस वर्षांत असा ठोका हाताला लागला नव्हता.

"पाय, कशी सरकली!" मी ज्योतीला म्हणालो. मला तर आनंदच झाला होता, आजार सापडला म्हणून.

तेल लावून चोळलं, दोरा बांधला. यशूला तासभर बरं वाटलं. "आबाजी, कमी झालं," म्हणाली. लेकरू आपलं मन राखतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ढाळ लागली, उलट्या सुरू झाल्या. ज्योतीने तापाची गोळी दिली, साखरमिठाचं पाणी पाजलं. गोळीने ताप दोन तास उतरायचा, मग पुन्हा चढायचा. ज्योती म्हणाली, दवाखान्यात नेऊ. मी म्हणालो, उद्या उपाशीपोटी एकदा धरू दे, दिवा ठेवतो. तिसऱ्या दिवशी दिवा ठेवला, तांब्या लावला. तांब्या काढला तर पोटावर लाल लाल पुरळ. मला वाटलं वाफेनं झालं. पण ते पाठीवरही होतं, मांडीवरही होतं. डोळे तांबडे झाले होते. त्यात चिपडं नव्हती, नुसते रक्त उतरल्यासारखे तांबडे. ओठ फुटून लाल.

"बाबा, हे बेंबीचं नाई," ज्योती म्हणाली.

"मंग कशाचं? तू डॉक्टर हायस का?"

"तुमी आहात का?"

सुनेने मला पहिल्यांदाच असं उत्तर दिलं. मी दिवसभर तिच्याशी बोललो नाही. रुसलो. पोरीला ताप आणि मी रुसून ओसरीवर बसलो होतो, हेही लिहितो. लपवून काय करू?

चौथ्या दिवशी सकाळी यशू खाटेवरून उतरली आणि भिंतीला धरून खाली बसली.

"आबाजी, मले उभं नाई राहवत."

तिचं कपाळ तव्यासारखं आणि पाय थंडगार. ज्योतीने मला विचारलं नाही. पोर उचलली, शेजाऱ्याचा ऑटो बोलावला आणि बसली. मी चपलेत पाय घालेपर्यंत ऑटो चालू झाला होता. तसाच पळत जाऊन ड्रायव्हरच्या बाजूला बसलो.

विचारलेली गोष्ट

वणीच्या डॉक्टरने बोटांची नखं दाबून पाहिली, दंडाला बीपीचा पट्टा लावला आणि फोन उचलला. "हिला यवतमाळलाच न्या, वेळ लावू नका." एकशे आठची गाडी आली. मारेगाव, करंजी, कधी गेलं कळलं नाही. गाडीत यशू पाणी मागत होती आणि पाणी द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ज्योती ओला बोळा तिच्या ओठांना लावत होती.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर मॅडम होत्या, उमरखेडकडच्या. वयाने ज्योतीएवढ्याच. त्यांनी यशूला पाहिलं, पोट दाबलं, तर यशू किंचाळली. मग आमच्याकडे वळून विचारलं, "मागच्या महिना-दीड महिन्यात घरात कोणाला कोरोना झाला होता? ताप, खोकला, वास जाणं, काहीही?"

मी पटकन म्हणालो, "नाही. आमच्या घरी काहीच नाही."

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

मॅडमने पुन्हा विचारलं, "नक्की?"

"नक्की."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. ती तपासणी यायला वेळ होता. तोवर पोटाचे ऑपरेशन करणारे डॉक्टर आले. त्यांनी पण पोट दाबून पाहिलं. आतड्याचा अपेंडिक्स असावा, पोट उघडून बघावं लागेल, अशी त्यांची बोलणी चालली होती. मॅडमचं मन घेत नव्हतं. पण आम्ही तर नक्की म्हणून सांगितलं होतं. एक सिस्टर सहीचा कागद घेऊन आली.

मला असं लिहायला आवडलं असतं की मग मी आपणहून खरं बोललो. तसं झालं नाही. ज्योतीने तो कागद हातात घेतला, सही केली नाही, आणि मला म्हणाली, "बाबा, तुमी सांगता का मी सांगू?"

तिथे सगळे होते. दोन डॉक्टर, सिस्टर, बाजूच्या खाटांवरची माणसं. माझी मान आयुष्यात कोणापुढे खाली गेली नव्हती. जिनिंगच्या मालकापुढेही नाही.

"मले झालता," मी म्हणालो. "तपासणी नाई केली, पण झालताच. पोरालेही. एक दिवस या पोरीलेही ताप आलता. महिना होते आता."

मॅडम एकदम हलल्या. ऑपरेशनच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. त्यांनी मान डोलावली आणि कागद परत गेला. यशूला लगेच छातीच्या सोनोग्राफीसाठी नेलं. मला ओरडा खायची अपेक्षा होती. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आजोबा, हे आल्याबरोबर सांगायला हवं होतं." तेही हळू आवाजात. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पडद्यावर

त्या मशीनच्या खोलीत मला आत घेतलं, कारण यशूने माझा शर्ट सोडला नाही. अंधार होता. मॅडमने तिच्या छातीवर ती कांडी फिरवली आणि पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी उघडझाप करायला लागलं.

"हे तिचं हृदय," मॅडम म्हणाल्या. "बघा किती जोरात पळतंय. पण पळून फायदा नाही, रक्त पुरेसं ढकललं जात नाही. थकलंय ते."

मी पडद्याकडे पाहत राहिलो. ती चाल मला ओळखीची होती. पहिल्याच दिवशी माझ्या अंगठ्याखाली तीच होती. माझ्या बोटांना खरं ते कळलं होतं, पोरीचं काळीज सांगत होतं, आणि मी त्याला बेंबी म्हणत होतो.

बाहेर आल्यावर मी मॅडमना विचारलं, "मायापासून झालं का हे?"

त्या म्हणाल्या, "कोणापासून झालं ते आता काढत बसू नका. ऐका, मी पण शेतकऱ्याचीच मुलगी आहे. शेतात डुकरं शिरली, राखणदाराने काठी घेऊन हाकलली. डुकरं गेली. पण राखणदाराला कळलंच नाही, तो काठी फिरवतच राहिला आणि आता उभं पीक झोडपतोय. कोरोना तिच्या अंगातून कधीच गेला. आता तिच्याच अंगातली राखण तिला मारतेय. आपल्याला त्या राखणदाराला शांत करायचंय."

"होईल का शांत?"

"बहुतेक मुलं बरी होतात. हिला उशीर झालाय, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. दोन दिवस जाऊ द्या."

खाट नंबर सहा

काचेच्या बाटल्यांतून औषध चढवत होते. अगदी थेंब थेंब, सावकाश. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन पट्टा लावायची, आकडा पाहायची. ज्योती त्या आकड्याकडे पाहायची आणि मी ज्योतीच्या तोंडाकडे. सिस्टरने मला सांगितलं, "बाबा, खाटेजवळ एकच माणूस," तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि तिथेच बसून राहिलो.

प्रदीप घुग्घुसकडे गाडी भरत होता, तो तसाच निघून आला. ज्योतीने त्याला सगळं सांगितलं होतं. माझ्यासमोर आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते.

"बाबा, तुमी घरी जा."

"मी नाई जात."

"काय करून राह्यले इथं बसून? आणखी काय बाकी राह्यलं?"

त्याने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि चढवला तेव्हा तो खरा होता. तो आत गेला. मी घरी गेलो नाही. हेकटपणा एवढ्या एका कामाला आला.

व्हरांड्यात पुसदचा एक सायकल मिस्त्री बसलेला असायचा, त्याचा नातू आत होता. तो रोज सकाळी दोन कप चहा आणायचा.

"चाचा, पियो. रोजा थोडी है तुम्हारा."

"मन नाई लागत."

"मन का चाय से क्या लेना? पेट में डालो, अपने आप बैठेगी."

मी प्यालो. एकदा तो माझी बोटं पाहून म्हणाला, मिस्त्री आहात का? मी काय काम करतो ते सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मैं भी चाचा. हर आवाज़ को बेअरिंग समझता हूँ." त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप होताच. पाय थोडे गरम झाले होते. त्या दिवशी मी आमच्या घरातल्या बुद्धमूर्तीची आठवण करत बसलो, पण काही मागितलं नाही. खोटं बोललेल्या तोंडाने काय मागणार? नुसतं वंदना म्हणत राहिलो, मधले शब्द विसरत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ज्योती बाहेर आली. माझ्यापासून दोन हात अंतरावर उभी राहून म्हणाली, "आलूबोंडा मागून राह्यली."

"काय?"

"यशू. आलूबोंडा पायजे म्हणते. तर्री टाकून."

ज्योती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी उठून दारापर्यंत गेलो. सिस्टर दारातून म्हणाली, "तर्री-बिर्री काही नाही हं. वरणभात देते मी. कोण शिकवतं हिला असं खायला?"

"आबाजी!" आतून आवाज आला. बारीकच, पण आला.

घरी

आठ-नऊ दिवसांनी सुट्टी दिली. रक्त पातळ राहायची छोटी गोळी रोज, सहा आठवडे पळणं नाही, उड्या नाहीत, आणि मग पुन्हा छातीचं ते मशीन. मॅडम म्हणाल्या, त्या तपासणीपर्यंत हृदय पूर्ण सावरलं का ते सांगता येणार नाही.

यशूला खाटेवर बसवून ठेवणं हे औषधापेक्षा अवघड. पायांच्या बोटांची कातडी सोलून निघायला लागली, ती तिला गंमत वाटायची. मैत्रिणींना दाखवायची, "पाय, मी सापासारखी कात टाकून राह्यली."

ज्योती जेवण वाढायची, पाणी द्यायची, कशात कमी केलं नाही. पण माझ्याशी बोलली नाही.

माझ्या तापाच्या आठवड्यात ज्या तीन लेकरांच्या बेंब्या बसवल्या होत्या, त्यांच्या घरी मी गेलो. प्रत्येक दारात उभा राहून सांगितलं, की मला तेव्हा कोरोना होता आणि मी लपवलं. लेकराला ताप आला, डोळे लाल झाले, पोट दुखलं, पुरळ उठलं, तर बेंबीच्या नादी लागू नका, सरळ दवाखान्यात न्या, आणि डॉक्टर विचारील ते खरं सांगा. दोन घरी चहा मिळाला. तिसऱ्या घरच्या म्हातारीने दारातूनच ऐकवलं, "आता आला का शहाणपणा? मायी नात सुखरूप हाये म्हणून बरं, नाईतं तुये अंगठे तोडले असते मी." मी हात जोडले आणि निघालो. तिचं बरोबर होतं.

बेंबी बसवणं मी सोडलं. लोक आजही येतात. मी विचारतो, ताप आहे का? असला तर हात लावत नाही. नसला तरी लावत नाही. चौकातले हसतात, "बुवा रिटायर झाले." होऊ द्या.

दुसरी तपासणी

सहा आठवड्यांनी आम्ही तिघं यवतमाळला गेलो, एसटीने. प्रदीप गाडीवर होता. पुन्हा ती अंधारी खोली. मला आत जायची छाती झाली नाही. ज्योती आणि यशू गेल्या. बाहेर किती वेळ गेला मला माहीत नाही.

मॅडम स्वतः दारात आल्या. "आजोबा, छान आहे. पूर्ण सावरलंय. गोळी बंद. पळू दे आता."

मी हात जोडले. त्यांना काय म्हणालो ते आठवत नाही. मॅडम सांगत होत्या, की कधीकधी आणून दाखवायचं, पण घाबरायचं नाही.

बसस्टँडवर वणीच्या गाडीला वेळ होता. यशू बाकड्यावरून उतरायची, चार पावलं पळायची, परत येऊन आईकडे पाहायची, आई काही बोलत नाही म्हणून पुन्हा पळायची.

मी म्हणालो, "ज्योती, मायं चुकलं."

हे दोन शब्द मी माझ्या बायकोला जन्मभर म्हणालो नव्हतो. ती गेली तेव्हाही नाही.

ज्योती समोर पाहत होती. मग म्हणाली, "तुमचं चुकलं ते तुमी पायसान बाबा. मले माया चुकीनं झोप नाई येत. मी आशा आहे. गावातल्या बाया मायं आयकतेत. अन् मी लिहायचं ते लिहिलं नाई, न्यायचं तेव्हा पोरीले नेलं नाई. तुमी घरातले मोठे म्हणून तुमचं आयकत राह्यली."

यशू धावत आमच्यापर्यंत आली आणि पुन्हा पळाली.

"यापुढं मी नाई आयकणार," ती म्हणाली. "राग आला तं येऊ द्या."

"नको आयकू," मी म्हणालो. "पोरी, बिलकुल नको आयकू."

दवाखान्यातून सुट्टी झाल्यापासून ज्योतीने यशूला एकटीला माझ्याजवळ एक मिनिट सोडलं नव्हतं. तिच्या एकटीत दोन बाया असाव्यात तसं ती वागायची, एकीने स्वयंपाक करावा आणि दुसरीने पहारा.

मग ती उठली. यशूला हाक मारली, तिचा हात माझ्या हातात दिला.

"पकडा. मी बाटली भरून आणते."

आणि मागे न पाहता नळाकडे गेली.